टॅक्सिडर्मिस्टकडे दिलेला पक्षी घरी येईपर्यंत

बंड्या आमच्याकडे सोळा वर्षं होता. कॉकॅटिल होता तो. राखाडी अंग, पिवळं डोकं आणि दोन्ही गालांवर शेंदराचं बोट टेकवल्यासारखे ठिपके. कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब काढायचा की गॅस बंद करायला मी कितीदा तरी उगाच उठले असेन. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. माझे वडील एक्याऐंशीचे. खुर्चीतून न उठताच म्हणाले, "लगेच पुरू नका गं. ठेवता येतो का, विचार कुणाला तरी."

त्या दिवसापासून बंड्या पुन्हा पुण्यातल्या सहकारनगरच्या घरात येईपर्यंत सहा महिने गेले. त्यात मी बरंच शिकले. काही गोष्टी वेळेवर कळल्या, काही चुकल्यावर. आता ओळखीच्या कुणाचा कुत्रा किंवा पक्षी गेला की मला फोन येतो, "तुम्ही कसं केलं होतं?" म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे.

मेलेला प्राणी कातडीसकट टिकवून ठेवायच्या कलेला, टॅक्सिडर्मीला, आपल्याकडे सरसकट 'पेंढा भरणं' म्हणतात. गोठ्यात वासरू दगावलं की त्याच्या कातडीत पेंढा भरून ते गाईपुढे उभं करायचे, म्हणजे ती पान्हा सोडायची. शब्द तिथलाच. पण चांगल्या टॅक्सिडर्मीत आता पेंढा नसतो. आत मापानुसार घडवलेलं नवं अंग असतं आणि वर खरी कातडी, खरी पिसं किंवा केस. हे आधी समजून घ्या, कारण हे काम महिनोन्‌महिने का चालतं याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

सगळ्यात आधी: हा प्राणी ठेवायची परवानगी आहे का?

दुःखात हे डोक्यात येत नाही, पण पहिला प्रश्न हाच. कुत्रा, मांजर, कोंबडा, ससा, बजरिगर, कॉकॅटिल यांना अडचण नाही. आपला हिरवा पोपट, मैना, घुबड, मोर, घार हे मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. पोपट वीस वर्षं घरात वाढलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो पाळीव नाही. रस्त्यावर मेलेला मोर सापडला, आपण मारला नाही, म्हणून तो आपला होत नाही. असा प्राणी सरकारी मालमत्ता असतो. उचलू नका. वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर कळवा आणि ते येईपर्यंत फार तर कुत्री हाकला.

मकाव, आफ्रिकन ग्रे असे परदेशी पोपट ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. २०२४ च्या नियमांनुसार 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा जातींची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि पक्षी गेला तर तेही कळवावं लागतं. कॉकॅटिल आणि बजरिगर त्या यादीत नाहीत, त्यामुळे आमचं ते काम वाचलं.

पुण्यात अजून कितीतरी वाड्यांत आणि जुन्या बंगल्यांत पणजोबांच्या शिकारीची ट्रॉफी भिंतीवर असते. काळविटाचं डोकं, बिबट्याचं कातडं. १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्णच बंद झाली, म्हणून नवी ट्रॉफी हा विषय आपल्याकडे संपलेला आहे. जुन्या ट्रॉफीसाठी मात्र मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वारसाने आली तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची असते, ती विकता येत नाही आणि राज्याबाहेर नेली तर तीस दिवसांत कळवावं लागतं. ठेवायची इच्छा नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने ती सरकारजमा करायची सोय केली आहे. मोबदला मिळत नाही, पण घरातली टांगती तलवार जाते. अशी ट्रॉफी डागडुजीला द्यायची असेल तर आधी वनखात्याकडून लेखी घ्या. गुपचूप कुणाला आणून दाखवू नका. देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

त्याच ट्रॉफींबद्दल एक कळकळीची सूचना. पूर्वी कातडीला कसर लागू नये म्हणून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, घातलेला साबण चोळायचे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती विसाव्या शतकातही बरीच वर्षं जगभर चालू होती. सोमल उडून जात नाही, विरतही नाही. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत पणजोबांचं काळवीट फडक्याने झटकू नका, पोरांना हात लावू देऊ नका. हलवायचंच असेल तर हातमोजे आणि मास्क घाला.

पहिले काही तास

इथे वेळ दवडला तर पुढे कितीही हुशार माणूस मिळाला तरी उपयोग नाही. मेल्यावर पोटातून कुजायला सुरुवात होते, कातडी सैल पडते आणि पिसं किंवा केस मुळापासून सुटायला लागतात. याला या धंद्यात 'स्लिप' म्हणतात. पुण्याच्या मे महिन्यात हे काही तासांत होतं.

मार्था नावाच्या कबुतराची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. पॅसेंजर पिजन या जातीतलं ते जगातलं शेवटचं पाखरू. १ सप्टेंबर १९१४ रोजी अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. तिथल्या लोकांनी ते जवळजवळ दीडशे किलोच्या बर्फाच्या लादीत गोठवलं आणि रेल्वेने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात धाडलं. म्हणून ते आजही टिकून आहे. आपल्याकडे तर घरातच फ्रीझर आहे.

आम्ही केलं ते असं. आधी हातमोजे. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला येणारा एक ताप आहे, आणि पक्षी कशाने गेला हे तेव्हा माहीत नव्हतं. चोचीत कापसाचा छोटा बोळा सरकवला, म्हणजे तोंडातून पाणी येऊन छातीची पिसं डागळत नाहीत. पंख अंगाशी मिटवले, पिसं हाताने खालच्या दिशेला सारखी केली. शेपटीला मागून पुठ्ठ्याची पट्टी लावली. शेपटीचं पीस दुमडलं की ती घडी सहसा जात नाही. मग मऊ टिश्यूत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, वर दुसरी पिशवी. त्यावर तारीख. आणि फ्रीझरमध्ये एका बंद डब्यात, भाजीपाल्यापासून वेगळा.

त्याच दिवशी टॅक्सिडर्मिस्टकडे पोचणार असाल तर फ्रीझर नको, खालचा फ्रीज पुरे. बर्फाच्या पाण्यात मात्र कधीही बुडवू नका. आणि फ्रीझरमध्ये आहे म्हणून निवांत राहू नका. महिने गेले की पाय आणि चेहरा आतल्या आत सुकत जातो, मग कातडी सोलताना फाटते.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन याच दिवशी करा. मृत्यूचं कारण समजावं म्हणून आणि कागद हवा म्हणूनही. आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर जात, वय, पाळीव असल्याचं आणि मृत्यूची तारीख लिहून दिली. हा कागद पुढे प्रवासात, पावती करताना आणि उद्या कुणी विचारलं तर घरातही उपयोगी पडतो. शवविच्छेदन करायचं असेल तर "नंतर टॅक्सिडर्मी करायची आहे" हे आधी सांगा. छातीपोटावरचा सरळ काप चालतो. डोकं, मान आणि पायांना हात लागता कामा नये. संसर्गजन्य रोग निघाला तर हट्ट सोडून द्या.

माणूस शोधताना

पुण्यात पाटी लावून बसलेला टॅक्सिडर्मिस्ट मला मिळाला नाही. आपल्या राज्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं, पण ते वनखात्याचं, वन्यप्राण्यांसाठीचं. घरच्या प्राण्यासाठी विचारपूस करायची ती जनावरांच्या डॉक्टरांकडे, पशुवैद्यकीय महाविद्यालयांत, आणि ज्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागात जुने नमुने आहेत तिथल्या प्रयोगशाळा सहायकांकडे. मला नाव मिळालं ते अशाच एका निवृत्त सहायकांकडून. ते गृहस्थ मुंबईच्या उपनगरात काम करायचे.

कुणाचंही काम बघताना मी आता तीन जागा बघते. डोळे, पाय आणि शिवण. डोळा काचेचाच असतो. प्रश्न असतो पापणीचा. पापणी डोळ्याला नीट लगटून असेल तर प्राणी बघतो आहे असं वाटतं. मध्ये फट असेल तर तो दचकलेला दिसतो आणि आयुष्यभर तसाच दिसत राहतो. पायांची बोटं फांदीला धरून आहेत की नुसती वर टेकवली आहेत? पोटावरची शिवण पिसांखाली लपली आहे का? आणि काम पूर्ण होऊन दोन-तीन वर्षं झालेला एखादा नमुना दाखवा म्हणावं. ताजं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

नजर बसायला आधी थोडं बघून या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा प्राण्यांचा विभाग आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात संस्थानी काळातल्या ट्रॉफी आहेत. त्या काळी देशातल्या बऱ्याच ट्रॉफी म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्या कारखान्यात व्हायच्या. वाघ-बिबटेच चाळीस हजारांवर तिथून गेले. तो कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाला. शिकारीबद्दल मनात राग असला तरी त्या कारागिरीपुढे तासभर उभं राहून बघण्यासारखं आहे. माझ्या मनात तो राग आहे, आणि तरी मी बघत उभी राहिले.

देताना काय काय द्यायचं

नुसता प्राणी देऊन येऊ नका. फोटो द्या, भरपूर द्या. मी आधी मोबाइलमधले सगळ्यात गोड दिसणारे फोटो निवडले होते. ते बघून गृहस्थ म्हणाले, "ताई, हे सगळे समोरून आहेत. मला तो बाजूने कसा बसायचा ते दाखवा." त्यांना हवे होते बाजूचे, मागचे आणि वरून घेतलेले. निवांत बसल्यावर मान किती आत जाते, पंखांची टोकं शेपटीवर कुठे एकमेकांवर येतात, तुरा किती अंशात असतो. कॉकॅटिलचा तुरा म्हणजे त्याचा स्वभाव. घाबरला की ताठ, रागावला की चपटा, खुशीत असला की मागे थोडासा कललेला. बंड्याचा व्हिडिओ होता. त्यात बाबा त्याला बोटावर घेऊन बसले आहेत. तोच शेवटी उपयोगी पडला.

झडलेली पिसं जपून ठेवली असतील तर तीही न्या. एखादं पीस तुटलं, निसटलं तर त्याच पक्ष्याचं पीस लावता येतं. आमच्या पूजेच्या कपाटात चंदनाच्या डबीत बाबांनी चौदा पिसं ठेवलेली निघाली. मला पत्ताच नव्हता.

न्यायचं कसं? थर्माकोलची पेटी, खाली-वर गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, मध्ये पक्षी, सगळे सांधे चिकटपट्टीने बंद. पहाटे निघालो आणि ऊन चढायच्या आत द्रुतगती महामार्गावरून पलीकडे पोचलो. कुरियरने पाठवायचा विचारही करू नका.

पावती लेखी घ्या. जात, तारीख, बैठक कशी हवी (फांदीवर बसलेला, पंख मिटलेले), खाली लाकूड की काचेची पेटी, एकूण रक्कम, आगाऊ किती, आणि कातडी टिकण्यासारखी नसली तर काय करायचं. ही शेवटची ओळ लिहून घेणं अवघड जातं, पण घ्या. गोठवलेला पक्षी उलगडल्याशिवाय कातडीची खरी स्थिती कुणालाच सांगता येत नाही. आम्ही लिहिलं होतं: काम अशक्य असेल तर पिसं आणि बाकी शरीर परत द्यावं. कातडीखालचं शरीर परत हवं असेल तर तेही तेव्हाच सांगायचं, नाहीतर त्याची विल्हेवाट लागते. आम्ही ते आणून पारिजातकाखाली पुरलं.

आता वाट बघायची

इथेच लोक गडबडतात. मी तर गडबडलेच. बाहेरून बघताना एवढंच दिसतं की शंभर ग्रॅमचा जीव आहे आणि महिने चालले आहेत. आत काय चाललेलं असतं ते सांगते.

पहिला मोठा काळ असतो नुसत्या रांगेचा. तुमचा प्राणी त्यांच्या फ्रीझरमध्ये असतो आणि पुढे इतरांचे नंबर असतात. आमचे दोन महिने यातच गेले. या काळात फोन करून काही हलत नाही. परदेशात शिकारीच्या ट्रॉफी करायला देणारे लोकही वर्षभर थांबतात, तेही मुख्यतः याच कारणाने आणि कातडं कमवून यायला लागणाऱ्या वेळामुळे.

मग पक्षी उलगडतात, मापं घेतात. अंगाची लांबी, घेर, मानेची लांबी, डोळ्यापासून चोचीपर्यंतचं अंतर, कारण आतलं नवं अंग यावरूनच बनतं. छातीवर एक काप देऊन कातडी मोज्यासारखी उलटी काढतात. कवटीचा पुढचा भाग, चोच, पंखांची आणि पायांची हाडं कातडीसोबत ठेवतात. बाकी सगळं जातं. पक्ष्याची कातडी ओल्या टिश्यू पेपरइतकी पातळ असते. त्यात घरचा पक्षी सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला, म्हणजे कातडीखाली पिवळ्या चरबीचा थर. ती कणाकणाने खरवडून काढावी लागते. राहिली तर काही वर्षांनी तेल होऊन पिसांत उतरते, पिसं चिकट तपकिरी दिसायला लागतात आणि कातडी जळल्यासारखी ठिसूळ होते. हे काम घाईत होत नाही. मग साबणाने धुणं, ड्रायरने पीस न्‌ पीस फुलवणं, आणि आतून टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, चोळणं. सोमलाची जागा आता बहुतेक ठिकाणी टाकणखाराने घेतली आहे.

कुत्रा-मांजर असेल तर इथे आणखी एक मोठा टप्पा वाढतो. कातडं मीठ लावून, आम्लात बुडवून कमवावं लागतं आणि मग फोमच्या साच्यावर चढवावं लागतं. चेहरा तर सगळ्यात कठीण. काळविटाचा चेहरा घरच्यांना पाठ नसतो. आपल्या कुत्र्याचा असतो. त्यामुळे बरेच कारागीर पाळीव कुत्रं घ्यायलाच नको म्हणतात. कुणी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो प्रामाणिकपणा असतो. १९३५ साली मेलेला हाचिको हा कुत्रा टोकियोच्या संग्रहालयात अजून उभा आहे. म्हणजे होतं, पण त्याला तसा हात लागतो.

नवं अंग लाकडाच्या बारीक तुसांची गुंडाळी दोऱ्याने आवळून किंवा फोम कोरून करतात. त्यातून मानेची, पंखांची आणि पायांची तार जाते. कातडी चढवून शिवतात, काचेचे डोळे बसवतात, फांदीवर उभा करतात.

आणि आता नीट वाचा, कारण तुमच्या बोलण्याला किंमत आहे ती फक्त इथे. कातडी ओली असेपर्यंतच मान वळते, तुरा वाकतो, पापणी सरकते. आमच्या गृहस्थांनी जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. "ताई, आत्ता बघून सांगा. आज मान वळेल, आठवड्याने नाही." फोटोत बंड्याच्या अंगभर टाचण्या होत्या, पंखांभोवती दोरा, शेपटीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या. बघून पोटात गोळाच आला. पण त्या टाचण्या पिसं वाळेपर्यंत जागेवर राहावीत म्हणून असतात. बाबांनी भिंग घेऊन बराच वेळ तो फोटो पाहिला. म्हणाले, "हा फार ताठ बसलाय. हा डावीकडे मान कलती करून ऐकायचा." मी तसंच सांगितलं. अर्ध्या तासात दुसरा फोटो आला, डावीकडे कललेला. तेव्हा काम देतानाच सांगून ठेवा की बैठक पक्की करायच्या दिवशी फोटो हवाच, आणि त्या दिवशी फोन जवळ ठेवा.

त्यानंतर वाळणं. छोट्या पक्ष्याला कोरड्या हवेत काही आठवडे पुरतात. पण आपल्याकडे ऑगस्ट असतो. कपडे दोन दिवस दोरीवर वाळत नाहीत त्या हवेत पंखाच्या सांध्यातली कातडी कशी वाळणार?

माझी चूक इथली. बाबांना बंड्या गणपतीला घरात हवा होता आणि मी दर चार दिवसांनी फोन करत राहिले. तीन आठवडे झाले, वरून कोरडा वाटतोय, मग देऊन टाका ना, असं. शेवटी माझ्या आग्रहापुढे त्यांनी टाचण्या काढल्या, चोचीला आणि पायांना रंग दिला आणि पक्षी माझ्या हवाली केला. गणपतीच्या चार दिवस आधी तो शोकेसमध्ये बसला. गौरी जेवल्या त्या दिवशी मी बघते तर उजवा पंख अंगापासून बोटभर खाली सुटलेला. पायावरच्या रंगाला बारीक फोड. आतला ओलावा बाहेर यायला बघत होता आणि वर रंगाचं झाकण घातलेलं. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तो परत नेला. सांधा पुन्हा ओला करून, बांधून, नव्याने वाळवावा लागला. त्या माणसाने जास्तीचे पैसे मागितले नाहीत, मीच दिले.

म्हणून माझं हिशेबाचं कोष्टक आता असं आहे. पक्षी जूनच्या आसपास दिला तर दिवाळीनंतरची तारीख धरा आणि घरच्यांनाही तीच सांगा. वाढदिवस, वर्षश्राद्ध, सण यांच्याशी तारीख जोडू नका. फोन चारच. उलगडल्यावर कातडीची स्थिती विचारायला, बैठकीच्या दिवशी, वाळून टाचण्या काढण्याआधी, आणि आणायला जाण्याआधी. यापलीकडे महिनोन्‌महिने काहीच कळत नसेल, फोन उचलत नसतील, तर प्रत्यक्ष जा आणि "मला आत्ता दाखवा" म्हणा. जो काम करतो आहे तो फ्रीझर उघडून दाखवायला कचरत नाही.

रंग का द्यावा लागतो, हेही लोक विचारतात. पिसांचा रंग टिकतो. पण चोच, पाय, डोळ्याभोवतीची उघडी कातडी यांतलं रक्त आणि ओलावा गेला की ती फिकट, मेणासारखी होतात. तिथे पातळ रंगाचे हात देतात. शेंदरी गाल मात्र पिसांचे होते. ते जसेच्या तसे आले.

ताब्यात घेताना

दिवसाउजेडी घ्या, ट्यूबलाइटखाली नको. नाक जवळ नेऊन वास घ्या. किंचित टाकणखार, लाकूड, रंग चालेल. कुजकट किंवा खवट वास आला तर घेऊ नका. पंखाच्या सांध्याला आणि पायाच्या मुळाशी हलकं बोट टेकवा. कडक लागलं पाहिजे, थंडगार दमट नाही. फांदी धरून हळूच हलवा, पक्षी डगमगता कामा नये. राहिलेली पिसं, कागद, उरलेलं काही असेल तर सगळं मागून घ्या. पावतीवर आत काय वापरलं आहे ते लिहून घ्या. पंचवीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला ते कामाला येईल.

घरात कुठे, कसा

काचेची बंद पेटी हवी. उघड्यावर ठेवलेला पक्षी धुळीने नाही गेला तर कसरीने जातो. लोकरीच्या शालीला लागते तीच कसर, आणि तिच्या जोडीला कातडी-पिसं खाणारे बारीक केसाळ किडे. पेटीच्या तळाशी भुगा किंवा किड्यांची सालं दिसली की समजायचं. पेटीतून काढून पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. आम्ही पेटीच्या कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवतो, पावसाळ्यात दर महिन्याला बदलतो. डांबराच्या गोळ्या ठेवणार असाल तर कापडाच्या पुरचुंडीत, पिसांना न चिकटता. घरात दम्याचा माणूस असेल तर नकोतच.

स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको, फोडणीचा तेलकट धूर काचेआडही जातो. ओल येणारी भिंत नको. देवघराशेजारी उदबत्तीच्या धुरात नको. धूळ बसलीच तर मऊ रंगाचा ब्रश, डोक्याकडून शेपटीकडे, पिसाच्या दिशेने. ओलं फडकं कधीच नाही. आणि ऊन तर अजिबात नको. खिडकीसमोर दोन उन्हाळे काढले की पिवळं डोकं पांढरं होतं.

बंड्याचा पिंजरा बाबा रात्री साडेआठला जुन्या पंच्याने झाकायचे. नोव्हेंबरमध्ये तो दुसऱ्यांदा घरी आला त्या रात्री त्यांनी काचेच्या पेटीवर तोच पंचा टाकला, आणि तेव्हापासून रोज टाकतात. उजेड जितका कमी तितका रंग जास्त टिकतो, म्हणून सकाळी मीही तो लगेच काढत नाही. बाबांचा चहा झाला की काढते.